ताप गणपतीत, केस दिवाळीत!

घरात कुणाच्या तरी कंगव्यात अडकलेला एक लांब केस अलगद सोडवून घ्या. गडद रंगाच्या पुठ्ठ्यावर ठेवा आणि भिंगातून त्याची दोन्ही टोकं बघा. एका टोकाला अगदी बारीक, पांढरट गोळी दिसते का? ती दिसली की आजी हमखास म्हणणार, "अगंबाई, मुळासकट आला की गं!"

आजीला सांगा, मूळ जागच्या जागी आहे. डोक्याच्या कातडीत काही मिलिमीटर खोल एक इवलीशी पिशवी असते. केशपुटिका म्हणतात तिला. तिच्या तळाशी केस तयार होतो. ती पांढरी गोळी म्हणजे वाढ संपलेल्या केसाचं टोक. पिशवी आत शाबूत असते आणि बहुतेक वेळा तिथे नवा केस वाढायलाही लागलेला असतो. आणि गोळी दिसलीच नाही तर? मग तो केस गळलेला नाही, मधेच तुटलेला आहे.

आता एक गणित करा. आपल्या डोक्यावर साधारण 1 लाख केस असतात. एक केस दोन ते सहा वर्षं वाढत राहतो. आपण सोयीसाठी तीन वर्षं धरू, म्हणजे जवळजवळ 1000 दिवस. 1 लाखाला 1000 ने भागा. आले ना 100? दिवसाला 50 ते 100 केस गळणं हे अगदी ठणठणीत माणसाचं लक्षण आहे, ते यामुळे! न्हायच्या दिवशी मोरीत जास्त केस दिसतात, कारण आधीच सुटलेले, नुसते अडकून बसलेले केसही त्या दिवशी बाहेर पडतात.

केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतो. म्हणजे पाचवीतल्या मुलीची 60 सेंटीमीटरची वेणी असेल, तर त्या वेणीचं टोक ती बालवाडीत असताना उगवलेलं आहे! मला तर हे फार भारी वाटतं.

वाढ संपली की केस सुमारे तीन महिने नुसता बसून राहतो आणि मग गळतो. गंमत अशी, की सगळे केस एकदम सुट्टीवर जात नाहीत. शंभरातले दहा-पंधरा सुट्टीवर, बाकीचे कामावर. म्हणून तर कुत्र्यामांजरांसारखे ठरावीक ऋतूत आपले केस झडत नाहीत.

पण कधीकधी ही शिस्त मोडते. समजा, गणपतीच्या दिवसांत ताईला डेंग्यू झाला. जोराचा ताप आला की शरीर आपली सगळी ताकद त्याच्याशी लढायला लावतं आणि पुष्कळ केस एकदमच सुट्टीवर जातात. ताई बरी होते, कॉलेजला जाऊ लागते. आणि सुमारे दोन महिन्यांनी, ऐन दिवाळीत, उटणं लावून न्हाताना मूठभर केस हातात येतात! घरात धावपळ. कुणी पाण्याला दोष देतं, कुणी शाम्पूला. गणपतीतला ताप कुणाच्या लक्षातच राहिलेला नसतो. असे केस बहुतेक वेळा काही महिन्यांत परत येतात. भांगाजवळ छोटे, उभे राहणारे केस दिसले तर त्यांची टोकं बघा. निमुळती असतील तर ते नवे. कात्रीने कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं.

मग मुळांना तेल पाजायचं का? खोबरेल तेल केसाच्या आत झिरपतं, केस तुटणं कमी करतं, हे खरं. पण मुळाला खाऊ मिळतो तो रक्तातून. हे आपल्या महाराष्ट्रातच फार ठळकपणे दिसलं. 2024 संपता संपता बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस भराभर गळू लागले. काहींना तीन-चार दिवसांत टक्कल पडलं. आधी संशय आला पाण्यावर, शाम्पूवर, कातडीवरच्या बुरशीवर. पण तपासणीत लोकांच्या रक्तात सेलेनियम नावाचं मूलद्रव्य वाढलेलं सापडलं. विंचूदंशावरच्या उपचारांसाठी नावाजलेले महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तिथल्या लोकांच्या खाण्यातला गहू तपासून घेतला आणि त्यात सेलेनियम कितीतरी पटींनी जास्त असल्याचं सांगितलं. सेलेनियम शरीराला लागतं, पण अगदी चिमूटभराहूनही कमी. फार झालं की केस गळतात, नखंसुद्धा! डोक्यावरचं कोडं पोळीपर्यंत जाऊन पोचलं.

अर्थात डोक्याच्या कातडीची स्वतःची दुखणीही असतात. कोंडा घ्या. मालासेझिया नावाची बुरशी जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यावर राहते आणि कातडीतून पाझरणारं तेल खाते. काहींच्या कातडीला तिचा त्रास होतो आणि पापुद्रे भराभर सुटतात. कोंड्यावर तेल थापलं तर तिची चंगळच.

केस जाऊन पडणाऱ्या गोल चकत्यांचे मात्र दोन प्रकार, आणि ते ओळखायलाच हवेत. चकतीवर खाज, खवले आणि तुटके केस असतील तर तो गजकर्ण असू शकतो. तो मुलांमध्ये जास्त दिसतो आणि कंगवा, टोपी यांतून पसरतो. नुसतं मलम लावून भागत नाही, डॉक्टर काही आठवडे पोटात घ्यायचं औषध देतात. चकती गुळगुळीत असेल तर ती बहुधा चाई. शरीराचे स्वतःचेच सैनिक चुकून केसांच्या मुळांवर चाल करून जातात, म्हणून ती पडते. चाई कुणाकडून कुणालाही लागत नाही. अशा मुलाला बाकावर बाजूला बसवणं हा शुद्ध अन्याय आहे. पुष्कळदा तिथे केस परतही येतात.

आणि घट्ट वेणी! 1907 मध्ये ग्रीनलंडमधल्या बायकांविषयी डॉक्टरांनी लिहून ठेवलं, की केस करकचून वर बांधल्यामुळे त्यांच्या कपाळालगतचे केस गेले होते. वेणी घातल्यावर कातडी दुखत असेल किंवा केसांच्या मुळाशी बारीक पुळ्या येत असतील, तर ताण जास्त झालाय. वेळीच सैल केली तर केस परत येतात, वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर त्या पिशव्या कायमच्या बंद होतात. तेव्हा उद्या सकाळी आईपुढे पाठ करून बसलात की खुशाल सांगा, "आई, जरा सैल घाल."