सशांचं घर : लेख ६ – आधी कोण चाटणार?

मागच्या लेखात एकट्या सशाचं झुरणं पाहिलं. त्यावर दुसरा ससा आणावा हे खरं, पण आणून एका पिंजऱ्यात सोडला की झालं, असं नसतं. मी तेच केलं होतं. खानदेशात पिंप्राळ्याला आमच्या घरी भुऱ्या नावाचा ससा होताच. कापशी ही मादी आली त्याच संध्याकाळी दोघांना एकत्र ठेवलं. अर्ध्या मिनिटात केसांचे पुंजके उडाले आणि भुऱ्याचा कान फाटला. शेजारच्या काकू धावत आल्या, ‘काहून भांडता रे हे?’

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर सशाच्या कुळात आहे. आपल्या कपाशीच्या शेतातून उड्या मारत जातो तो रानससा वेगळा. तो बिळं खोदत नाही आणि बहुतेक एकटाच राहतो. पाळीव ससा युरोपातल्या बिळात राहणाऱ्या, कळपानं जगणाऱ्या सशाचा वंशज. रोनाल्ड लॉकली यांनी वेल्समध्ये अशा सशांचं दीर्घकाळ निरीक्षण केलं आणि १९६४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. या कळपांत नरांची उतरंड वेगळी, माद्यांची वेगळी. म्हणजे सोबत हवी आणि मानही हवा, या दोन्ही गरजा सशाला जन्मजात आहेत.

हा मान ठरतो चाटण्यावरून. वरचढ ससा समोरच्यापुढे डोकं खाली घालतो. आपल्याला ती शरणागती वाटते, पण तो हुकूम असतो : ‘चाट मला.’ भुऱ्या आणि कापशी दोघंही डोकं घालून बसायचे आणि चाटायचं कुणीच नाही. थोडा वेळ वाट पाहून एकजण चावा घ्यायचा.

म्हणून जोडी जमवण्याची सुरुवात नसबंदीपासून करावी. नर-मादी असतील तर याला पर्यायच नाही. गाभण मादी महिन्याभरात विते आणि व्यायल्याबरोबर पुन्हा गाभण राहू शकते. शस्त्रक्रिया सशांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांकडूनच करावी. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे आदल्या रात्री उपाशी ठेवायचं नसतं. शस्त्रक्रियेनंतरही नर काही आठवडे प्रजननक्षम राहतो, म्हणून महिना-दीड महिना दोघांना वेगळंच ठेवावं.

तो काळ वाया जात नाही. पिंजरे शेजारी ठेवावेत, पण जाळीतून नाक चावता येणार नाही इतकं अंतर राखून. अंथरूण अदलाबदल करावं आणि चारा दोन्हीकडून जाळीजवळ टाकावा, म्हणजे दुसऱ्याचा वास पोट भरण्याशी जोडला जातो.

मग भेट घडवावी ती दोघांनाही परक्या जागी, कारण हनुवटी घासून स्वतःचा केलेला कोपरा ससा सोडत नाही. आम्ही मागची खोली निवडली. फरशीवर पाय घसरतात म्हणून बारदान अंथरलं, हातात जाड मोजे घातले. पहिली भेट दहा मिनिटांची. पाठीवर चढणं, थोडा पाठलाग, केस ओढणं चालू द्यावं; उतरंड त्यातूनच ठरते. तोंडाकडून चढला तर मात्र लगेच हटवावं. शेपटी ताठ, कान मागे आणि एकमेकांभोवती गरगर फिरणं दिसलं की त्याच क्षणी मध्ये पुठ्ठा घालावा. रक्त निघालं तर आठवडे मागे जावं लागतं.

काहीजण दोन्ही सशांना टोपलीत घालून गाडीवर फिरवतात. भीतीनं ते एकमेकांना बिलगतात, म्हणून जोडी जमली असं वाटतं. मला ही रीत मान्य नाही. भ्यायलेल्या सशाचं पोट बंद पडू शकतं आणि त्यातून जीवही जातो.

खानदेशात ऋतूही पाहावा लागतो. ससा घामानं अंग थंड करू शकत नाही, बरीचशी उष्णता कानांतूनच बाहेर टाकतो. पारा ४४ वर असताना या भेटी घडवणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. आषाढी एकादशीला पिंप्राळ्याचा रथ निघतो, तेव्हापर्यंत पारा उतरलेला असतो. त्यानंतर सुरुवात करावी.

आमच्याकडे सातव्या आठवड्यात कापशीनं डोकं घातलं आणि भुऱ्यानं तिच्या कपाळावरून दोनदा जीभ फिरवली. त्यानंतरही पंधरा दिवस रात्री त्यांना वेगळंच ठेवलं. काही जोड्या कधीच जमत नाहीत, त्यांना शेजारी-शेजारी दोन घरंच लागतात. म्हणून जोडीदार आणायचा विचार असेल तर आधी दुसरा पिंजरा घ्या, ससा नंतर आणा.