नटाचा कंठ आणि त्याची जोपासना

कर्नाटकातील यक्षगानाचा खेळ परंपरेने रात्रभर चालतो. चंडे व मद्दळे यांच्या घोषातूनही आपला शब्द शेवटच्या प्रेक्षकापर्यंत पोहोचावा म्हणून नट आवाज चढवितो. पहाटे रंग उतरविताना आवाज बसल्याचे त्याच्या ध्यानी येते. आणि सायंकाळी दुसऱ्या गावी पुन्हा उभे राहावयाचे असते. ज्याची उपजीविका कंठावर आहे, त्याने कंठाची रचना जाणून घेणे अगत्याचे होय.

श्वासनलिकेच्या मुखाशी स्वरयंत्र असते. त्यातील दोन नाजूक पडद्यांना स्वरतंतू म्हणतात. फुप्फुसांतून येणाऱ्या हवेने ते कंप पावतात व ध्वनी उत्पन्न होतो. साध्या बोलण्यात ही कंपने पुरुषांत सेकंदाला सुमारे १०० ते १२०, तर स्त्रियांत सुमारे २०० असतात. अर्थात तासभराच्या अखंड भाषणात हे तंतू लाखो वेळा एकमेकांवर आदळतात. गायनशिक्षक मान्वेल गार्सिया यांनी १८५४ साली घशात लहान आरसा धरून सूर्यप्रकाशात स्वतःचे स्वरतंतू पाहिले.

भोवती गोंगाट असला की मनुष्य नकळत मोठ्याने बोलू लागतो, हे फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांनी १९११ साली दाखविले. असा ताण नित्य पडला तर तंतूंना सूज येते व कालांतराने त्यांच्या कडांवर लहान गाठी येतात. मग तंतू नीट जुळत नाहीत, आवाज घोगरा होतो; नट अधिक जोर लावतो आणि इजा वाढते.

खडीसाखर वा ज्येष्ठमध यांनी घशाला बरे वाटते. परंतु गिळलेला पदार्थ अन्ननलिकेत जातो, स्वरतंतूंवर नव्हे. पाण्याचा लाभही शरीरात ओलावा राखला गेल्यानेच होतो. म्हणून ते दिवसभर थोडे थोडे प्यावे. वाफेने मात्र तंतूंना प्रत्यक्ष ओलावा मिळतो. प्रयोगापूर्वी मंद स्वरांनी कंठ तयार करावा, श्वासाला पोटाचा आधार द्यावा. तंबाखू, वारंवार खाकरणे व जोराने कुजबुजणे वर्ज्य करावे. आवाज बसल्यास मौन हाच पहिला उपचार. पुष्कळदा विश्रांतीने व योग्य शिक्षणाने अशा गाठी शस्त्रक्रियेवाचून ओसरतात.

घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकल्यास मात्र घशाच्या तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. कारण क्वचित त्यामागे कर्करोगही असतो, आणि तो लवकर ओळखला गेल्यास बरा होऊ शकतो.