वातरक्ताचा ठणका
दिवसभर धडधाकट हिंडलेला मनुष्य मध्यरात्री पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी उठलेल्या असह्य ठणक्याने जागा व्हावा, आणि तो सांधा लालबुंद, तप्त व इतका हळवा झालेला असावा की पांघरुणाचा स्पर्शही सोसू नये, तेव्हा बहुधा तो वातरक्ताचा, म्हणजे गाऊटचा, झटका समजावा. पेशींच्या व अन्नाच्या विघटनातून निपजणारे यूरिक आम्ल मूत्रपिंडांवाटे पुरेसे बाहेर पडेनासे झाले, की ते रक्तात साचते आणि त्याचे सुईसारखे स्फटिक विशेषतः पायांच्या थंड सांध्यांत जमू लागतात. हा दोष पुष्कळदा आनुवंशिक असतो. मद्य, कलेजी, तारलीसारखी मासळी, स्थूलता आणि काही मूत्रल औषधे त्यात भर घालतात. डाळी मात्र आपल्याकडे विनाकारण बदनाम झाल्या आहेत.

ऐन झटक्यात रक्तातील यूरिक आम्लाचे प्रमाण साधारणही आढळू शकते. सांध्यातील द्रवात सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे स्फटिक हाच खरा दाखला. तत्काळ वेदनेवर कोल्चिसीन, दाहशामक गोळ्या किंवा स्टेरॉइड यांपैकी रुग्णाच्या मूत्रपिंडांना मानवेल ते वैद्याने द्यावे. परंतु मूळ साठा विरघळवण्यासाठी अ‍ॅलोप्युरिनॉलसारखे औषध वर्षानुवर्षे घेऊन रक्तातील यूरिक आम्लाचे प्रमाण दर डेसिलिटरला 6 मिलिग्रॅमच्या खाली राखावे लागते. ठणका ओसरताच हे औषध तहकूब करण्याची जी सर्रास चाल पडली आहे, ती मला फार घातक वाटते. कारण वेदना नसतानाही स्फटिक सांध्यात ठाण मांडून हाड कुरतडतात आणि कालांतराने बोटांवर, कोपरांवर व कानांच्या कडांवर खडूसारख्या गाठी धरतात.