जाळं कापण्याआधीची नोंद

समुद्रात टाकून दिलेलं जाळं मासे धरतं कसं, असं एका वाचकाने विचारलं आहे. जाळ्यांत वापरलं जाणारं पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं, ते कुजतही नाही. त्यामुळे ट्रॉलरचं तुटलेलं जाळं वर्षानुवर्षं तरंगत राहतं. त्यात मासा अडकतो, त्याच्या वासाने शार्क येतो आणि तोही गुंततो. कासवाला तर श्वासासाठी वर यावंच लागतं. जाळ्याने खाली धरून ठेवलं की ते बुडून मरतं.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला असलेलं कार्पेंटारियाचं आखात या जाळ्यांसाठी खेकड्याच्या पिंजऱ्यासारखं आहे: आत शिरणं सोपं, बाहेर पडणं अवघड. बहुतेक जाळी आराफुरा समुद्राकडून येतात. किनाऱ्यावर ती उपसतात तिथले आदिवासी रेंजर. आर्न्हेम लँडमध्ये योलंगू लोकांची धिमुरू ही संस्था १९९२पासून काम करते. वाळूत रुतलेलं जाळं खणायचं, सुरीने कापायचं, गाडीला बांधून ओढायचं, हे अंगमेहनतीचं काम. पण रेंजर आणखी एक काम करतात, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. जाळ्याची आस, म्हणजे भोकांचा आकार, ते मोजतात, दोऱ्याची जाडी, रंग, वीण टिपून ठेवतात, आत कासव होतं का तेही लिहितात.

२००४मध्ये सुरू झालेल्या घोस्टनेट्स ऑस्ट्रेलिया या उपक्रमाने ठिकठिकाणच्या रेंजरांच्या अशा नोंदी एकत्र केल्या. त्यांच्या आधारे संशोधक ख्रिस विलकॉक्स आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये जवळपास ९ हजार जाळ्यांचा अभ्यास मांडला. या जाळ्यांत ४,८६६ ते १४,६०० कासवं सापडली असावीत, असा त्यांचा अंदाज. मोठी आस आणि बारीक दोरा असलेली जाळी सर्वांत घातक. त्याआधीच्या अभ्यासात प्रवाहांचं संगणकी गणित या नोंदींशी ताडून पाहिलं होतं. जाळी वायव्येकडून शिरतात, वाइपा बंदराजवळून जातात आणि मग कासवांच्या दाट वस्तीत पोचतात. म्हणजे वाइपाजवळ अडवली तर कासवं वाचतात. बातम्यांत मात्र उपग्रह आणि ड्रोनच झळकतात; मोजपट्टी धरणारे हात दिसत नाहीत, याचं वाईट वाटतं.

तिथे अडकणारी ऑलिव्ह रिडले जात आपल्या कोकणातल्या वेळासलाही अंडी घालायला येते. संरक्षित जीव सोडवण्यासाठी जाळं कापणाऱ्या मच्छीमाराला महाराष्ट्र सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. त्या प्रत्येक अर्जात जाळ्याची आस आणि दोऱ्याची जाडी नोंदली गेली, तर कोकणात कासवांना कोणतं जाळं जास्त धोक्याचं हे आपल्याच बोटींवरच्या तांडेलांच्या नोंदींवरून सांगता येईल.