वाय-फायची कुलुपं : डब्ल्यूईपी ते डब्ल्यूपीए३

• डब्ल्यूईपी (१९९७) : नावाचा अर्थ 'तारेइतकी गोपनीयता'. नावातच काय ते! एन्क्रिप्शन 'आरसी४' पद्धतीचं. माहितीच्या प्रत्येक पाकिटासोबत २४ बिटांचा एक आकडा उघड्यावर जातो. असे आकडे जेमतेम १ कोटी ६८ लाख. वर्दळीच्या नेटवर्कवर काही तासांत संपतात आणि तेच पुन्हा येतात. किल्लीच शोधून काढायची रीत २००१मध्ये संशोधकांनी प्रसिद्ध केली.

• डब्ल्यूपीए (२००३) : तात्पुरती डागडुजी. 'आरसी४' तेच, पण 'टीकेआयपी'मुळे दर पाकिटाला वेगळी किल्ली. जुनी यंत्रं चालू राहिली.

• डब्ल्यूपीए२ (२००४) : 'एईएस' एन्क्रिप्शन, १२८ बिटांची किल्ली. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरी. २०१७मध्ये 'क्रॅक' हा दोष सापडला. सॉफ्टवेअर अपडेटनं बुजवता आला.

• डब्ल्यूपीए३ (२०१८) : जोडणीच्या वेळचा संवाद हवेतून टिपून नेला, तरी त्यावर निवांत पासवर्डचे अंदाज लावत बसता येत नाही. प्रत्येक अंदाजाला राउटरचंच दार ठोठावावं लागतं.

राउटरच्या सेटिंगमध्ये 'टीकेआयपी' दिसलं, तर बदलून 'एईएस' करा.