गेलेला वास आणि चार बाटल्या

सर्दीनंतर महिनोन्महिने वास न येणारे रुग्ण कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना २०२० पूर्वीही भेटत. पण नाक गेलं हा काही आजार झाला का, असं म्हणून घरचे विषय मिटवत. नागपुरात ११ मार्च २०२० रोजी कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला, तेव्हाही विचारपूस ताप, खोकला आणि दम यांचीच. वास-चव जाण्याला केंद्राच्या लक्षणांच्या यादीत जागा मिळाली ती १३ जूनला. मग मात्र घरोघरी हिंगाची डबी आणि कापूर नाकाशी धरून चाचण्या सुरू झाल्या.

हा विषाणू वासाच्या चेतापेशींपेक्षा त्यांना सांभाळणाऱ्या आधारपेशींवर घाला घालतो, हे त्याच वर्षी उमगलं. आधारपेशी पुन्हा तयार होतात, म्हणून बहुतेकांना काही आठवड्यांत वास येऊ लागला. उरले त्यांचे हाल झाले.

१५ ते २१ मार्च २०२१ दरम्यान नागपुरात कडक टाळेबंदी, आणि एप्रिलमध्ये मेडिकल-मेयो या सरकारी रुग्णालयांत खाट मिळणं मुश्कील. त्या धांदलीत नाकाचं कोण विचारणार! ती दुसरी लाट ओसरल्यावर नवंच गाऱ्हाणं आलं: वास येतो, पण भलताच. कांदा परतला की सडका, कॉफी केली की जळका. सावजी रश्श्याच्या गावात ही शिक्षाच.

मग गोळ्यांची घाई झाली. स्टिरॉइडने वास लवकर परततो, याला चाचण्यांतून ठोस दुजोरा मिळाला नाही. झिंक आणि जीवनसत्त्वांचंही तेच. शिवाय त्याच उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराने नागपूरला हैराण केलं होतं. रक्तातली बेताल साखर आणि स्टिरॉइड ही त्याची मोठी कारणं. अशा वेळी दुकानातून स्वतःच्या मनाने स्टिरॉइड आणणं म्हणजे शुद्ध आततायीपणा.

टिकला तो सर्वांत स्वस्त उपाय. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे संशोधक थॉमस हुमेल यांनी तो २००९ मध्ये मांडला होता. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग यांच्या अर्कांच्या चार बाटल्या. सकाळ-संध्याकाळ एकेक दहा-वीस सेकंद हळूच हुंगायची, तो वास कसा होता ते आठवत. निदान बारा आठवडे. जोरात ओढायचं नाही, वाफ घ्यायची नाही. लिंबाची बाटली नसली तर संत्र्याची ताजी साल नाकाजवळ दुमडावी. तुषार उडतात त्यात लिमोनीन असतं, लिंबाच्या सालीत असतं तेच. संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या नागपुरात याला तोटा नाही. गुण सगळ्यांना येत नाही, आला तरी महिने लागतात. पण अपाय जवळजवळ नाही.

ज्यांचा वास अजून परतला नाही, त्यांनी एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना नाक दाखवावं. कारण दर वेळी कोरोनाच असतो असं नाही. तोवर घरात गॅसगळतीचा अलार्म बसवा आणि उरलेलं अन्न दुसऱ्या कुणाला हुंगायला लावूनच खा.