वीत-दीड वीत अंतरावरचं जग

बाळ डोळे उघडून टकामका बघायला लागलं की घरातली निम्मी माणसं म्हणतात, ‘त्याला कुठे काय दिसतंय अजून!’ उरलेली निम्मी ते कोणावर गेलंय यावर वाद घालत असतात.

दिसतं की! त्यातल्या त्यात बरं दिसतं ते वीत-दीड वीत अंतरावरचं, म्हणजे २०-३० सेंटिमीटरवरचं. अंगावर पिताना आईचा चेहरा जवळपास तेवढ्याच अंतरावर असतो. त्यापलीकडे सगळं धूसर. आपल्याला साधारण १२० मीटरवरून ओळखू येणारी वस्तू बाळाला कळायला ६ मीटरवर यावी लागते. याचं मुख्य कारण दृष्टिपटलात आहे. त्याच्या मध्यभागी, जिथे आपली नजर सर्वांत तीक्ष्ण असते, तिथल्या शंकूपेशी जन्मतः आखूड, जाड आणि विरळ असतात. त्या निमुळत्या होऊन दाटीनं बसायला काही वर्षं जातात. सुरुवातीला फिके रंग वायाच. भडक लाल ठिपका चांगला मोठा असेल तर कळतो, काळं-पांढरं तर कळतंच. दुकानातला फिका गुलाबी आणि फिका निळा आईबापांच्याच हौसेचा!

अशा अंधूक नजरेलाही चेहऱ्याची ओढ असते. अमेरिकेतल्या एका प्रयोगात (१९७५) जन्मून जेमतेम नऊ-दहा मिनिटं झालेल्या बाळांसमोरून चित्रं फिरवली. नाक-डोळे जागच्या जागी असलेल्या चित्रामागे बाळांनी मान आणि डोळे जास्त वळवले. तेच अवयव विस्कटून काढल्यावर ओढ कमी झाली.

मला सर्वांत गंमत वाटते ती फ्रान्समधल्या ओलिव्हिए पास्कालिस आणि सहकाऱ्यांच्या १९९५ सालच्या प्रयोगाची. चार दिवसांची बाळं अनोळखी बाईपेक्षा आईकडे जास्त वेळ बघत होती. मग दोघींच्या डोक्याला रुमाल बांधून केसांची कड झाकली, आणि बाळांची निवडच संपली! म्हणजे आई ओळखू येत होती ती कपाळ आणि केस यांच्यातल्या ठळक रेषेवरून. आपल्याकडे तर वारा लागू नये म्हणून बाळंतिणीच्या डोक्याला रुमाल असतोच. तिचं बाळ बहुधा रुमालाचीच कड पाठ करत असावं. शिवाय आवाज पोटात असल्यापासून ओळखीचा, त्यामुळे अडत नाही.

पाळण्यावरचं चिमणाळं मात्र बरेच दिवस नुसता हलता रंग असतो. साधारण चौथ्या महिन्यात दोन्ही डोळ्यांची चित्रं मेंदूत जुळू लागतात, खोली कळते आणि हात नेमके चिमणीकडे जातात.

हे धुकं उपयोगाचंही असावं, असा अंदाज एमआयटीतले पवन सिन्हा यांच्या गटानं मांडला. त्यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’नं भारतात जन्मजात मोतीबिंदू असलेल्या मुलांना उशिरा का होईना, दृष्टी मिळवून दिली. पण त्यांना चेहरे ओळखणं जड जातं. त्यांची सुरुवातच तान्ह्या बाळापेक्षा स्पष्ट नजरेनं झालेली असते. २०१८ साली या गटानं संगणकाला आधी धूसर आणि मग स्पष्ट चेहरे दाखवून शिकवलं, तेव्हा तो सुरुवातीपासून स्पष्ट चेहरे पाहिलेल्या संगणकापेक्षा सरस ठरला. धूसर चित्रात बारीकसारीक तपशील हाती लागत नाहीत, त्यामुळे त्याला चेहऱ्याचा मोठा भाग एकत्र धरूनच ओळख पटवावी लागली होती.